लोह वाणातून, जस्त जमिनीतून : रक्तक्षयाचा आकडा आणि घरासाठी दहा गुंठे बाजरी

खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात बियाण्याची चौकशी सुरू होते. वाण किती दिवसांचे, उतारा किती, गोसावी रोगाला बळी पडते का, बाजारात भाव काय मिळतो, असे प्रश्न विचारले जातात. या वाणाच्या दाण्यात लोह किती, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बाजरीच्या बाबतीत हा प्रश्न आता विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर बियाण्याच्या निवडीतच दडलेले आहे आणि त्याचा परिणाम घरातल्या स्त्रिया व वाढत्या वयाच्या मुलींच्या रक्तावर होतो.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५३.८ टक्के होते. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये ते ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेले. देशपातळीवर याच वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के आहे.

या आकड्यांत एक बारकावा आहे. राज्यातील गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षय त्याच काळात ४९.३ वरून ४५.७ टक्क्यांवर आला. गरोदरपणात तपासणी होते, लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात, आशाताई पाठपुरावा करतात. जिथे कार्यक्रम पोहोचतो तिथे आकडा थोडा तरी खाली येतो. पण लग्नाआधी, दोन बाळंतपणांच्या मध्ये आणि त्यानंतरची अनेक वर्षे स्त्री या पाठपुराव्याच्या बाहेर असते. तेव्हा तिच्या शरीराला जे मिळते ते मुख्यतः ताटातूनच, आणि तिथेच आकडा वाढला आहे.

मोजणीवरून मतभेद आहेत, हेही सांगायला हवे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या या फेऱ्यांत बोटातून काढलेला रक्ताचा थेंब तपासला गेला. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले आणि १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांमधील रक्तक्षय ४१ टक्के निघाला. बोटातल्या रक्ताने आकडा फुगतो, असे काही तज्ज्ञ म्हणतात. पण ४१ टक्के हाही लहान आकडा नव्हे. त्याच सर्वेक्षणात या वयाच्या ३२ टक्के मुलांमध्ये लोहाची, १९ टक्के मुलांमध्ये जस्ताची आणि १८ टक्के मुलांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. १० ते १९ वयोगटात ४० टक्के मुली रक्तक्षयी होत्या, तर मुलगे १८ टक्के. घर तेच, शेत तेच, पण मुलीचा आकडा मुलाच्या दुपटीहून जास्त. पाळीतून जाणारे रक्त हे त्याचे एक कारण आहे. शेवटी जेवायला बसण्याची रीत हे दुसरे.

फक्त गरिबीने या प्रश्नाचा पूर्ण उलगडा होत नाही. देशात सर्वात सधन गटातील घरांतही निम्म्याच्या आसपास स्त्रिया रक्तक्षयी आहेत. म्हणजे पैसा आला की लोह आपोआप ताटात येते, असे नाही.

शेतातून काय निघून गेले?

गेल्या दोन-अडीच दशकांत राज्यातील बाजरीचे क्षेत्र निम्म्याहून खाली आले. तिची जागा सोयाबीन, कापूस आणि मका यांनी घेतली. याला शेतकऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी बाजरीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,७७५ रुपये आणि सोयाबीनची ५,३२८ रुपये होती. काढणी-मळणीचा त्रास, पाखरांचा उपद्रव आणि मजूरटंचाई धरली तर बाजरी मागे पडणे स्वाभाविक होते.

मात्र या बदलाचा एक हिशेब लागलाच नाही. सोयाबीन आणि कापूस घरात शिजत नाहीत, ते बाजारात जातात. घरच्या धान्याची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. गव्हाच्या पिठात ते सुमारे ४ मिलिग्रॅम, तर बाजरीत त्याहून जास्त असते. बाजरीची भाकरी जाऊन भात आला, तेव्हा पोट भरण्यात फरक पडला नाही, लोहात पडला.

रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असलेले दाणे मिसळण्याचे धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. १०० दाण्यांमागे साधारण एक दाणा असे हे मिश्रण असते. जिथे असा तांदूळ मिळतो, तिथे ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून तरंगणारे दाणे वेचून फेकू नयेत. ते तांदळाच्याच पिठापासून केलेले असतात. तरीही बाहेरून मिसळलेल्या लोहावर कायम अवलंबून राहण्यापेक्षा आपल्या जमिनीत पिकू शकणारे लोह हातचे घालवू नये, हे जास्त शहाणपणाचे.

लोह वाढते वाणातून

पिकाची पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या की आपण फेरस सल्फेट फवारतो आणि पीक हिरवे होते. म्हणून दाण्यातले लोहही असेच वाढत असेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. फवारलेले लोह पानात फारसे हलत नाही, दाण्यापर्यंत त्याचा थोडाच भाग पोहोचतो. दाण्यातील लोह मुख्यतः वाणाच्या गुणावर ठरते. त्यामुळे लोहासाठी खताची नव्हे, बियाण्याची निवड महत्त्वाची.

मुख्य जैवसंपृक्त म्हणजे बायोफोर्टिफाइड वाण असे :

- धनशक्ती (बाजरी) : राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने विकसित केलेला, २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला सुधारित वाण. देशातील हा पहिला लोहसमृद्ध बाजरी वाण. दाण्यात किलोला ७० मिलिग्रॅमहून जास्त लोह. हा संकरित नसल्याने काळजी घेतल्यास घरचे बियाणे ठेवता येते.
- एएचबी १२०० फे (बाजरी) : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील केंद्राचा संकरित वाण. लोह किलोला ७३ मिलिग्रॅम, कालावधी सुमारे ७८ दिवस, चाचण्यांतील सरासरी उत्पादन हेक्टरी ३२ क्विंटल.
- एएचबी १२६९ फे (बाजरी) : त्याच केंद्राचा संकरित वाण. लोह किलोला ९१ आणि जस्त ४३ मिलिग्रॅम.
- परभणी शक्ती (खरीप ज्वारी) : २०१८ मध्ये प्रसारित. लोह किलोला ४५ आणि जस्त ३२ मिलिग्रॅम.
- एमएसीएस ४०२८ (बन्सी गहू) : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा, जिरायत पेरणीसाठीचा वाण. लोह ४६ आणि जस्त ४० मिलिग्रॅम, प्रथिने १४ टक्क्यांहून जास्त.

प्रचलित बाजरी वाणांत लोह साधारण ४५ ते ५० मिलिग्रॅम असते. २०१८ पासून देशात नवा बाजरी वाण प्रसारित करण्यासाठी किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त ही अट आहे. धान्याच्या वाणाला उताऱ्याबरोबर पोषणाचीही चाळणी लावणारा हा महत्त्वाचा निर्णय. ज्या पिकाचे क्षेत्र घटत चालले आहे, त्याच पिकाला ती लागली.

ताटातला फरक पाहू. प्रौढ स्त्रीची दिवसाची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाची १९ मिलिग्रॅम धरली आहे. धान्यप्रधान आहारातून लोह कमी शोषले जाते, हे गृहीत धरूनच हे आकडे काढलेले आहेत. एखादी स्त्री दिवसाला २०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी खात असेल, तर प्रचलित वाणातून तिला ९ ते १० मिलिग्रॅम लोह मिळते, म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश. एएचबी १२०० फे मधून १४.६ मिलिग्रॅम, म्हणजे निम्मी गरज भागते. तेवढ्याच भाकरी, तीच चव, तोच खर्च.

जस्त वाढते जमिनीतून

जस्ताचे गणित वेगळे आहे. ते खतातून आणि फवारणीतून दाण्यात पोहोचवता येते. भारतासह सात देशांत गव्हावर झालेल्या प्रयोगांत पानांवर जस्ताची फवारणी केल्यावर दाण्यातील जस्त किलोला सरासरी २७ वरून ४८ मिलिग्रॅमपर्यंत गेले.

देशातील एक तृतीयांशाहून अधिक माती नमुन्यांत जस्त कमी आहे. आपल्याकडील चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या जमिनींत हा प्रश्न अधिक जाणवतो. अशा जमिनीत पिकलेल्या धान्यात जस्त कमी, म्हणून ते खाणाऱ्यातही कमी. जस्त कमी पडले की मुलांची वाढ खुंटते आणि जुलाबाचे आजार लवकर बरे होत नाहीत.

यासाठी पुढील व्यवस्थापन करावे :

- माती परीक्षण अहवालात जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी असल्यास पेरणीवेळी हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट द्यावे. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, आठवडाभर मुरवून दिल्यास जास्त उपयोगी पडते.
- झिंक सल्फेट स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये.
- घरी खाण्यासाठी राखलेल्या क्षेत्रावर फुलोऱ्यात आणि दाणे दुधाळ अवस्थेत असताना ०.५ टक्के झिंक सल्फेटची फवारणी करावी. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी हे प्रमाण घ्यावे. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावी.
- पिकावर कमतरतेची लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. उत्पादनाला पुरेसे असलेले जस्त दाण्यात भरपूर असेलच असे नाही. उशिराची फवारणी उतारा वाढवण्यासाठी नसून दाण्यासाठी असते.

पुरावा किती भक्कम?

शेतकऱ्याला नवे वाण सुचवताना पुरावा तपासणे हे आपले काम आहे. तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ शाळकरी मुला-मुलींवर एक अभ्यास झाला. एका गटाला सहा महिने लोहसमृद्ध बाजरीची भाकरी आणि शेव, तर दुसऱ्या गटाला साध्या बाजरीचे तेच पदार्थ देण्यात आले. चार महिन्यांतच पहिल्या गटाच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारला. सुरुवातीला लोह कमी असलेल्या मुलांमध्ये सहा महिन्यांनी ते पुरेसे होण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटापेक्षा १.६ पट होती. जिथे बाजरी पिकते आणि खाल्ली जाते, त्याच भागातला हा अभ्यास असल्याने आपल्यासाठी तो मोलाचा.

पण दुसरी बाजूही आहे. मुंबईतील वस्त्यांमध्ये १२ ते १८ महिने वयाच्या मुलांना अशाच बाजरीचे पदार्थ दिले, तेव्हा एकूण गटात लोहाचा साठा ठळकपणे सुधारल्याचे दिसले नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर अर्थ लागतो. किशोरवयीन मुलगी दिवसाला दोन-तीन भाकरी खाते, वर्षाच्या मुलाच्या पोटात अर्धी चतकोर जेमतेम मावते. भाकरीतून लोह वाढवण्याचा उपाय भाकरी खाणाऱ्यांसाठीच आहे.

म्हणून लोहसमृद्ध बाजरी किशोरवयीन मुली आणि स्त्रियांसाठी उपयुक्त आहे. ती गोळीची जागा घेत नाही आणि तान्ह्या मुलाच्या आहाराचा प्रश्नही एकटी सोडवत नाही. उलट मुलगी आईपण येण्याआधी सशक्त असेल, तर बाळ जन्माला येतानाच लोहाचा बरा साठा घेऊन येते. लहान मुलाच्या रक्तक्षयाचा उपाय बऱ्याच अंशी त्याच्या जन्माआधी सुरू होतो.

दोन वर्षांखालील मुलाला काय लागते?

सहा महिन्यांनंतर केवळ आईच्या दुधातून लोह पुरत नाही. देशात ६ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आणि विविध आहार मिळतो, असे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. या वयात वाटी लहान असते, म्हणून त्या वाटीत काय आहे ते महत्त्वाचे.

- अंडी : बी-१२, ‘अ’ जीवनसत्त्व, जस्त आणि उत्तम प्रथिने एका जागी मिळतात. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. इतरत्र परसातल्या पाच-सहा कोंबड्या हेच काम करतात.
- दूध, दही : बी-१२ वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. शाकाहारी घरात दूध-दही हाच त्याचा मुख्य मार्ग. सगळे दूध डेअरीवर घालून घरात चहापुरते उरत असेल, तर आधी मुलाची आणि त्याच्या आईची वाटी बाजूला काढावी.
- मासे, सुकट, मांस : खाणाऱ्या घरांत मुलालाही मऊ करून द्यावे. यातील लोह सर्वात चांगले शोषले जाते.
- लाल भोपळा, पिकलेली पपई, आंबा, गाजर, शेवग्याचा पाला : ‘अ’ जीवनसत्त्वासाठी. सोबत थोडे तेल किंवा तूप असावे, नाहीतर ते नीट शोषले जात नाही.
- मोड आणून भाजलेल्या नाचणी-मुगाचे पीठ : मोड आणल्याने लोह-जस्ताला अडवणारे फायटेट कमी होते. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, लोहासाठी मात्र तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

आरोग्य विभागाकडून मिळणारे लोहाचे सिरप, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस आणि जंतनाशक गोळी यांना आहार हा पर्याय नाही. दोन्ही हवे.

दहा गुंठ्यांचा हिशेब

सगळी शेती बाजरीखाली आणा, असे कोणी म्हणत नाही. पैशाचे पीक पैशासाठी राहू द्यावे. प्रश्न फक्त घरच्या धान्याचा आहे.

पाच माणसांचे कुटुंब दिवसाला माणशी २०० ग्रॅम याप्रमाणे थंडीचे चार महिने बाजरी खाईल, तर १२० किलो धान्य लागते. जिरायतीत एकरी अवघे ५ क्विंटल उत्पादन धरले, तरी दहा गुंठ्यांत सव्वा क्विंटल मिळते. त्यासाठी बियाणे लागते ३०० ते ४०० ग्रॅम.

अडचणी आहेत, त्या आधीच लक्षात घ्याव्यात :

- पाखरे : कपाशी-सोयाबीनच्या मध्ये बाजरीचा एकटा तुकडा असेल तर सगळी पाखरे तिथेच उतरतात. चार-पाच शेजाऱ्यांनी लागून आणि एकाच वेळी पेरणी केल्यास नुकसान विभागले जाते. राखणही वाटून घेता येते.
- पेरणी : १५ जून ते १५ जुलै दरम्यान, पुरेशा ओलीवर करावी. उशीर झाल्यास उत्पादन घटते.
- बीजप्रक्रिया : अरगट रोगासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवावे. तरंगणारे हलके बी काढून जाळावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. गोसावी रोगासाठी मेटॅलॅक्झिल (३५ एसडी) ६ ग्रॅम प्रति किलो बियाण्यास चोळावे. त्यानंतर ॲझोस्पिरिलम २५ ग्रॅम प्रति किलो लावावे.
- घरचे बियाणे : फक्त धनशक्तीसारख्या सुधारित वाणाचे ठेवावे. बाजरीत परपरागीभवन होत असल्याने शेजारी दुसरा वाण असेल तर भेसळ होते. प्लॉटच्या मधल्या भागातील निरोगी, एकसारखी कणसे निवडावीत आणि दोन-तीन वर्षांनी बियाणे बदलावे. संकरित वाणाचे बियाणे मात्र दरवर्षी नवे घ्यावे.
- वेगळी साठवण : लोहसमृद्ध आणि साधी बाजरी डोळ्यांनी ओळखता येत नाही. मळणीपासून पोत्यावर वाणाचे नाव लिहून ठेवावे, नाहीतर घरासाठी पिकवलेले धान्य बाजारात जाते.
- दळण : बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे.

याबरोबर घराजवळ एक गुंठ्याची परसबाग धरावी. शेवग्याची दोन, पपईची दोन आणि लिंबाचे एक झाड, लाल भोपळ्याचा वेल, सांडपाण्यावर अळू आणि वाफ्यात तांदुळजा, चाकवत, अंबाडी एवढे पुरे. परसबागेतील पालेभाजीवर कीडनाशक फवारू नये.

ताटापर्यंत येताना लोह कुठे अडते?

पिकवलेले सगळे लोह शरीराला मिळत नाही. बाजरीत फायटेट असते, चहात टॅनिन असते, आणि दोन्ही लोहाला धरून ठेवतात. त्यावर उपाय साधे आहेत.

भाकरीसोबत लिंबू, आवळा, कैरी किंवा पेरू असावा. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, किमान एक तासाचे अंतर ठेवावे. शेतावर सकाळी चहा-भाकरी हीच न्याहारी असेल, तर पिकवलेल्या लोहाचा मोठा भाग तिथेच वाया जातो. लोहाची गोळीही चहा-दुधाबरोबर घेऊ नये. पीठ आंबवून केलेली अंबील चांगली. आंबट भाजी-आमटी लोखंडी कढईत केल्यास थोडे लोह त्यातूनही उतरते.

दोन समज दूर करायला हवेत. बिटाचा लाल रंग लोहाचा नव्हे. पालकात लोह आहे, पण त्यातील बराच भाग शरीर घेऊ शकत नाही. पालेभाज्या खाव्यातच, त्या फॉलिक ॲसिड आणि ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वांसाठी.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावात कृषी सहायक, अंगणवाडी सेविका आणि आशाताई असे तिघेही असतात. त्यांची कामे तीन खात्यांची आहेत, घर मात्र एकच असते. कृषी सहायकाकडे वाणाची माहिती असते, अंगणवाडीकडे कोणत्या घरात रक्तक्षयी गरोदर स्त्री किंवा कुपोषित मूल आहे याची माहिती असते. ही माहिती पेरणीआधी एकत्र आली, तर प्रात्यक्षिकाचे बियाणे योग्य घरात जाते. आज ते बहुधा मोठ्या रस्त्यालगतच्या शेतात जाते, फलक दिसावा म्हणून.

- लोहसमृद्ध बाजरीची प्रात्यक्षिके बचत गटातील महिलांच्या नावे घ्यावीत. बियाणे कोणाच्या हाती जाते यावर धान्य घरात राहील की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते.
- माती परीक्षण अहवाल समजावताना नत्र-स्फुरद-पालाशापुढे जाऊन जस्ताची ओळही वाचून दाखवावी.
- गोळ्या आणि तपासणी यांवर शंका घेणारा सल्ला कधीही देऊ नये. सगळा रक्तक्षय लोहामुळे होत नाही. फॉलिक ॲसिड, बी-१२, जंत, वारंवार होणारा ताप ही कारणेही असतात. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचा विचार करावा लागतो. अशा रुग्णाला लोह द्यायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. खूप थकवा, धाप किंवा फिकटपणा दिसल्यास आधी आरोग्य केंद्र, मग भाकरी.

बाजाराला लोह दिसत नाही

शेवटी धोरणाचा मुद्दा. बाजार समितीत बाजरीचा भाव दाण्याच्या रंगावर, आकारावर आणि ओलाव्यावर ठरतो. ७३ मिलिग्रॅम लोहाची बाजरी आणि ४५ ची बाजरी एकाच ढिगात जाते. जास्त लोहाला जास्त पैसे मिळत नाहीत, तोवर हे वाण केवळ आवाहनावर पसरणार नाहीत. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात भरपूर मेळावे झाले, पाककृती स्पर्धा झाल्या. शेतकऱ्याला खरेदीची हमी देणारी साखळी त्यातून सर्वत्र उभी राहिली नाही.

ती उभी करण्याची जागा सरकारच्या हातातच आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात २०१३ पासून गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचीही तरतूद आहे. शाळेचे मध्यान्ह भोजन आणि आश्रमशाळा यांना रोज धान्य लागते. वाणाचे नाव, बियाण्याची पावती आणि नमुन्याची तपासणी या तीन गोष्टींवर शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून जिल्ह्यातच लोहसमृद्ध बाजरी घेतली, तर पिकवणाऱ्याला खात्रीचा ग्राहक मिळेल आणि खाणाऱ्या मुलीला लोह. बियाणे साखळीनेही मागणीची वाट न पाहता मेअखेर हे वाण तालुक्यापर्यंत पोहोचवायला हवेत. अनेक ठिकाणी शेतकरी नाव विचारतो आणि दुकानदाराकडे बियाणे नसते.

हे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दहा गुंठ्यांचा निर्णय घरातच घ्यायचा आहे. या हंगामात बियाणे घेताना उतारा आणि दिवस विचारून झाल्यावर वाणात लोह किती, हेही विचारावे. आणि दळण गिरणीवरून आल्यावर पहिली गरम भाकरी आधी घरातल्या मुलीच्या आणि सुनेच्या ताटात वाढावी.